कन्सल्टंट व्हायचंय? आधी काच बघा

बी-स्कूल, म्हणजे एमबीएचं कॉलेज, निवडताना पहिली बघायची ती इमारतीची काच. खारघर-बेलापूर पट्ट्यात तिला तोटा नाही. निळी काच, एसी लॉबी आणि रिसेप्शनवर ब्लेझरवाल्या मॅडम असल्या की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं ‘हायेस्ट पॅकेज’ बघून उरका. मीडियन विचारू नका. पगार उतरत्या क्रमाने लावले की बरोबर मधल्या मुलाला मिळतो तो मीडियन, आणि मधल्या मुलाचा फोटो तीन हात नाक्याच्या होर्डिंगवर कोण लावणार? सरासरीवर समाधान माना, दोन मुलं परदेशी लागली की ती आपोआप सुधारते. आकडे ऑडिट झालेत का, प्लेसमेंटला बसली किती आणि मोजली किती, असं विचारलं की काउन्सेलरचा चेहरा उतरतो. कशाला उगाच कुणाचं मन दुखवायचं?

मग वेबसाइटवरचे लोगो मोजा. मॅकिन्झी, बीसीजी, बेन या कंपन्यांना धंद्याचे सल्ले विकणाऱ्या तिन्ही बड्या फर्म दिसल्या की फी भरून टाका. यातलं मुलं घ्यायला कोण आलं आणि गेस्ट लेक्चर देऊन, चहा पिऊन कोण गेलं, हा भेद फार सूक्ष्म आहे. ऑफर लेटरवर ‘कन्सल्टंट’ आलं की पेढे वाटा. काम कोर्स विकायचं निघालं तरी कार्डावर तेच छापतात.

चर्चगेटच्या जमनालाल बजाजच्या वाटेला जाऊ नका. 1965 पासूनचं जुनं कॉलेज, ना लॉन, ना लॉबी, आणि सीईटीला नव्व्याण्णवच्या वरचं पर्सेंटाइल मागतात!

वेळापत्रकाची तर चिंताच नको. कोर्स दोन वर्षांचा आहे, पहिलं वर्ष रमण्यात घालवा. मोठ्या आयआयएममध्ये मुलं जूनच्या सुमारास येतात आणि समर्सच्या, म्हणजे उन्हाळी इंटर्नशिपच्या, मुलाखती ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आसपास उरकतात. कन्सल्टिंगवाले पहिल्या फळीत येतात आणि बऱ्याच जागा पुढे पीपीओनेच, म्हणजे इंटर्नशिप केलेल्यांनाच नोकरीची ऑफर देऊन, भरून टाकतात. म्हणजे सीव्ही जातो तेव्हा एमबीएची जेमतेम एक टर्म झालेली. शॉर्टलिस्टला उरतं काय? दहावी, बारावी, पदवीचे मार्क, आधीची नोकरी, एखादं राष्ट्रीय पातळीवरचं पदक. ते सगळं होऊन गेलंय, तेव्हा निश्चिंत असा.

हॉस्टेल टाळा. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने वाशी-नेरूळ जाऊन-येऊन करा, संध्याकाळी घरची गरम पोळी मिळते. इंटरव्ह्यूत ‘ठाणे स्टेशनबाहेर रोज किती वडापाव खपतात?’ असा गेस्टिमेट, म्हणजे अंदाजाने आकडा काढायचा प्रश्न, आला तर ‘कुंजविहारला खूप गर्दी असते, सर’ म्हणा. प्रवासी किती, त्यातले बाहेर थांबून खाणारे किती, कढया किती, एका कढईतून तासाला घाणे किती, अशी उतरंड मांडणारी मुलं वेगळी. समोरच्याला आकड्यापेक्षा मांडणी हवी असते, हे त्यांच्याकडून सीनियरनी रात्री दोन वाजता हॉस्टेलच्या खोलीत चाळीस-पन्नास केसेस, म्हणजे मुलाखतीत विचारतात तसे धंद्याचे प्रश्न, सोडवून घेत घोटून घेतलेलं असतं. तुमच्याकडे तसले सीनियर नसतील. पण स्विमिंग पूल आहे ना!