प्रायमरीच्या बाई

“प्रायमरी सुरू झाली,” असं मी आईला सांगितलं, तेव्हा तिला न्यू जर्सीत उतरून आठवडाच झाला होता आणि तिची झोप अजून भारतातल्या घड्याळावर चालत होती. रात्री दहा वाजता ती सोफ्यावर शाल गुंडाळून टक्क जागी. जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहेतीस वर्षं पहिली ते चौथी शिकवून निवृत्त झालेली बाई ती. “थंडीत बरी सुरू करतात,” म्हणाली. “आमची जूनमध्ये व्हायची.”

तारीख होती ३ जानेवारी २००८. आयोवा राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाचे लोक राष्ट्राध्यक्षपदाचं तिकीट कुणाला द्यायचं ते ठरवत होते. या राज्यवार निवडीलाच इथे प्रायमरी म्हणतात. आपल्याकडे तिकीट मिळवायला दिल्लीच्या वाऱ्या कराव्या लागतात, इथे उमेदवाराला राज्याराज्यांतून मतं मागत फिरावं लागतं, असं मी मोठ्या अभिमानाने सांगत होतो. जणू काही ती पद्धत मीच बसवली होती. वास्तविक मी एच-वन व्हिसावरचा, ग्रीन कार्डच्या रांगेत उभा असलेला साधा संगणकवाला. या देशात मला कर भरता येतो, बर्फ उपसता येतं. मत देता येत नाही. पण लष्कराच्या भाकऱ्या भाजायला व्हिसा लागत नाही.

आईला मात्र पद्धतीत रस होता. का, तर तिने पाच निवडणुकांना ड्यूटी केली होती, मतदान अधिकारी क्रमांक दोन म्हणून. म्हणजे बोटाला शाई लावणारी. त्यामुळे आयोवाचा प्रकार ऐकून तिला धक्काच बसला. तेव्हा तिथे शाळेत नाहीतर चर्चमध्ये लोक जमायचे, आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभे राहायचे आणि डोकी मोजली जायची. ज्याच्या कोपऱ्यात पंधरा टक्केही माणसं नसत, त्याच्या लोकांनी दुसरा कोपरा धरायचा.

“सगळ्यांच्या देखत?” आई म्हणाली. “मग सासरा ज्या कोपऱ्यात, सून त्याच कोपऱ्यात जाणार की रे.”

आमच्या घरच्या सुनेने, म्हणजे माझ्या बायकोने, लगेच खोलीचा दुसरा कोपरा धरला. ती हिलरी क्लिंटनकडे होती. मी त्या रात्रीपासून ओबामाकडे. मला त्याच्या भाषणाने भुरळ घातली आणि तिला माझ्या भुरळ पडण्याचा संताप आला. “बाईने तिप्पट काम करायचं आणि पुरुषाने छान बोलायचं, हे मी रोज ऑफिसात बघते,” ती म्हणाली. आयोवात हिलरी तिसरी आली होती. ओबामा पहिला, जॉन एडवर्ड्स दुसरा. आईने एडवर्ड्सला पसंती दिली. कारण: भांग नीट पाडतो.

मग आमच्यात पैज ठरली. दर राज्यामागे एक रात्र भांडी. (डिशवॉशर आहे आमच्याकडे. त्यात घासलेली भांडी निथळत ठेवतात. सुज्ञांस सांगणे न लगे.) आयोवाची भांडी बायकोने घासली. पाच दिवसांनी न्यू हॅम्पशायर. झाडून सगळे पाहणीवाले ओबामा जिंकणार म्हणत होते, म्हणून मी त्या दिवशी मुद्दाम पावभाजी करायला लावली. कढई, तवा, कुकर, सगळं खरकटं. हिलरी साडेसात हजारांच्या आसपास मतांनी जिंकली. मी तवा खरवडत असताना आई शेजारी उभी राहून म्हणाली, “मतमोजणी होईपर्यंत कुणी गुलाल आणत नसतो, बाळा.”

संक्रांतीच्या सुमारास मिशिगन झालं. या राज्याने ठरलेल्या तारखेआधी मतदान उरकायचा हट्ट धरला म्हणून पक्षाने त्याचे सगळे डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात जाऊन उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी, रद्द केले होते. ओबामाने तिथल्या मतपत्रिकेवरून नावच काढून घेतलं. त्यामुळे मोठ्या नावांत हिलरी एकटी, आणि तिच्यासमोर ‘कुणालाही बांधील नाही’ असा एक पर्याय. त्या कुणालाही-नाहीला चाळीस टक्के मतं पडली. आईला तो पर्याय बेहद्द आवडला. “आपल्याकडे नियम आहे, एकोणपन्नास-ओ,” ती म्हणाली. “मत द्यायचं नाही असं सांगायचं, रजिस्टरमध्ये तशी नोंद करतात. पाच निवडणुकांत एकच माणूस आला तसा. केंद्राध्यक्षांना नियम माहीत नव्हता, मी दाखवला. त्यांनी मग दिवसभर माझ्याशी बोलणं टाकलं.” (आपल्याकडे नोटाचं बटण आलं २०१३ साली. आईने ते २००८ मध्येच, न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसन गावात तिळगूळ वळताना मागितलं होतं.)

एडवर्ड्स जानेवारीअखेर शर्यतीतून बाहेर पडला आणि घरातलं एकमेव मोकळं मत आमच्या तावडीत सापडलं. बायको सकाळी आईच्या गुडघ्याला तेल लावून देऊ लागली. मी संध्याकाळी तिला इंडियन स्टोअरमध्ये नेऊन गवार निवडू देऊ लागलो. इतकी सेवा आम्ही दोघांनी मिळून मागच्या दहा वर्षांत केली नसेल. आई सेवा घेत होती आणि बोलत काही नव्हती.

५ फेब्रुवारीला बावीस राज्यांत एकदम मतदान होतं, त्यात आमचं न्यू जर्सीही. आईने सकाळीच जाहीर केलं, “मला केंद्र बघायचंय.” कोपऱ्यावरच्या शाळेत व्यायामशाळेत केंद्र होतं. मी बाहेरच्या फुटपाथवर थांबलो आणि तिला म्हटलं, दारातून बघून ये. ती दारात उभी राहिली ती राहिलीच. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेवटी मी गेलो, तर आत टेबलामागे बसलेल्या एक सत्तरीच्या गोऱ्या आजी उठून दारापर्यंत आल्या होत्या आणि आईशी बोलत होत्या. त्या इंग्रजीत, आई मराठीत. आईने डावी तर्जनी पुढे केली, उजव्या हाताने तिच्यावर काडी ओढल्याची खूण केली आणि स्वतःकडे बोट दाखवलं. आजींना काय कळलं देव जाणे, पण त्यांनी आईचा हात धरला. मग आईने टेबलावरच्या थर्मासकडे बोट दाखवलं आणि मला दुभाषा केलं: “विचार, चहा सरकारचा की घरचा?”

घरचा होता. शिवाय पहाटेपासून बसायचं, संध्याकाळी आठला केंद्र बंद, मग हिशेब. “जेवण?” डबा. आईने असा काही सुस्कारा सोडला की जगातल्या सगळ्या निवडणूक ड्यूट्यांचा त्यात हिशेब आला असावा. “पोलीस नाही, शाई नाही, ओळखपत्रही बघत नाहीत, नुसती सही,” ती परतताना म्हणाली. “पण बाई चांगली आहे.”

घरी येऊन तिने कोट काढला तेव्हा मला ते दिसलं. स्वेटरवर, मंगळसूत्राच्या जरा वर, एक गोल स्टिकर. झेंड्याचं चित्र आणि खाली अक्षरं: ‘आय व्होटेड’.

माझ्या पोटात गोळा आला. बिगरनागरिकाने मत देणं हा इथे गुन्हा, नुसता गुन्हा नाही, देशाबाहेर हाकलण्याजोगा. आणि माझी आई, पर्यटक व्हिसावरची, ‘मी मत दिलं’ असं छातीवर लावून अख्खा रस्ता चालून आली होती. “अगं, तू आत जाऊन काही दाबलंस का?” मी विचारलं. “वेडा आहेस का,” आई म्हणाली. “त्या बाईंनी प्रेमाने दिलं.” मी तो स्टिकर काढून पासपोर्टच्या ड्रॉवरमध्ये पार तळाशी टाकला. (पासपोर्टच्याच ड्रॉवरमध्ये. घाबरलेला माणूस हुशार नसतो.) न्यू जर्सी हिलरीने घेतलं. भांडी मी घासली.

पुढचं सगळं तपशिलात सांगत नाही, कारण माझ्या बाजूने ते सुखाचं होतं: ओबामा लागोपाठ अकरा ठिकाणी जिंकला. बायकोने ऐन फेब्रुवारीच्या थंडीत अकरा रात्री भांडी घासली आणि तिच्या बोटांना भेगा पडल्या. आईने तिला व्हॅसलिन लावलं आणि मला विचारलं, “एवढी राज्यं जिंकला, तर निकाल का लागत नाही?”

मी बेसनाचे लाडू पुढे घेतले. “समज, एका मतदारसंघात चार डेलिगेट. एकाला साठ टक्के मतं, दुसरीला चाळीस. किती लाडू कुणाला?”

“तीन आणि एक.”

“नाही. दोन-दोन. तिसरा लाडू हवा तर साडेबासष्ट टक्के लागतात.”

“आणि पाच लाडू असले तर?”

“एक्कावन्न टक्केवाल्याला तीन.”

आईने लाडवांकडे बघितलं, मग माझ्याकडे. “म्हणजे जिथे चार आहेत तिथे वीस टक्क्यांनी जिंकून काही नाही, आणि पाच आहेत तिथे दोन टक्क्यांनी जिंकून एक जास्त. हे गणित मांडणाऱ्याला मी तिसरीतच बसवला असता.” मग तिने एक लाडू सुनेला दिला, एक स्वतः घेतला आणि डबा बंद केला.

४ मार्चला टेक्सासने आमचा संसार मोडायची वेळ आणली. तिथे तेव्हा दिवसा मतदान असायचं आणि संध्याकाळी त्याच केंद्रावर परत येऊन कॉकस, म्हणजे आयोवासारखं जमून डोकी मोजणं, दोन्हींचे डेलिगेट वेगळे. ह्यूस्टनचा एक मित्र, आमच्या ओळखीतला एकुलता एक मतदार, सकाळी मत देऊन आला आणि संध्याकाळी ताटावरून उठून पुन्हा गेला. रात्री उशिरापर्यंत तो शाळेच्या व्हरांड्यात रांगेत उभा, आणि मी त्याला दर पंधरा मिनिटांनी फोन करून “किती माणसं आहेत रे?” विचारत होतो. शेवटी त्याने फोन बंद केला. निकाल असा की मतदान हिलरीने जिंकलं आणि डेलिगेट ओबामाला जास्त मिळाले. भांडी कुणी घासायची? दोघांनीही आपण जिंकल्याचा दावा केला. भांडी दोन दिवस सिंकमध्ये पडून राहिली. तिसऱ्या दिवशी आईने एका ताटलीत पोहे केले, एकटीने खाल्ले, ती ताटली धुऊन ठेवली आणि वाचत बसली. त्याच ४ मार्चला रिपब्लिकनांच्या मॅकेनचं तिकीट पक्कं झालं होतं. “त्यांच्या घरची भांडी झाली म्हणायची,” ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली.

मग ११ मार्चच्या मिसिसिपीनंतर पेनसिल्व्हेनियासाठी सहा आठवड्यांची वाट. काही घडत नसताना बातम्या बघणं हे खरं व्यसन. ओबामा बोलिंग खेळायला गेला आणि त्याचे सदतीसच गुण झाले, यावर मी ऑफिसच्या वेळेत सलग दोन तास चर्चा ऐकली. मॅनेजरने विचारलं, काय चाललंय? मी म्हटलं, टेस्टिंग.

याच काळात आईला सुपरडेलिगेट समजले. पक्षाचे खासदार, गव्हर्नर, पदाधिकारी, असे आठशेच्या आसपास लोक, ज्यांनी तेव्हाच्या नियमाने कुणालाही मत द्यावं आणि अधिवेशनापर्यंत हवं तेव्हा मन बदलावं. आता निकाल यांच्या हातात, असं मी गंभीरपणे सांगितलं.

“आणि हे आहेत कुठे?”

“आपापल्या घरी.”

“घरी?” आई ताठ बसली. “गोव्याला कसं नेलं नाही अजून?” आमच्या गावात तेव्हा नगराध्यक्ष नगरसेवक निवडायचे, आणि त्या निवडणुकीआधी ते सहलीला जायचे ते थेट मतदानाच्या सकाळी टोप्या घालून उतरायचे. आठशे माणसं अशी मोकळी सोडलेली तिला बघवेना. “पन्नास सीटची एक धरली तरी सोळा एसट्या,” तिने तोंडी हिशेब केला. “अवघड नाही काही.”

माझी अधोगती पुरती झाली ती ३ मेच्या शनिवारी. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानात हापूस आला होता. अमेरिकेने भारतीय आंबा पुन्हा येऊ द्यायला लागून जेमतेम वर्ष झालेलं, पेट्या थोड्या, आणि आईला मे महिन्यात आंब्याशिवाय ठेवणं हे पाप. सकाळी दहाला निघायचं ठरलं. पण त्या दिवशी गुआमची मोजणी चालू होती. गुआम म्हणजे पॅसिफिकमधलं अमेरिकेच्या ताब्यातलं बेट. तिथल्या लोकांना नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष निवडायला मत नाही, पण पक्षाच्या या खेळात आहे. आमच्यापेक्षा अर्ध्या पायरीने वर. “एवढं गुआम होऊ दे,” मी म्हणत होतो आणि पान ताजं करत होतो. बायको दुसऱ्या लॅपटॉपवर तेच करत होती. आई चप्पल घालून, पिशवी घेऊन दाराशी बसली होती.

अखेर आकडा आला. ओबामा २,२६४. हिलरी २,२५७. सात मतं! मी नाचलो. बायकोने शांतपणे खालची ओळ वाचली: डेलिगेट सारखे वाटले गेले, दोन मतं याला, दोन तिला.

ओक ट्री रोडवर पोचलो तेव्हा दुकानदार रिकामी खोकी चपटी करत होता. आई परतीच्या वाटेवर एक अक्षर बोलली नाही. त्या रात्रीची भांडी कुणी घासायची हा प्रश्न आम्ही कुणीच काढला नाही. दोघांनी मिळून घासली.

३ जूनला ओबामाने तिकिटासाठी लागणाऱ्या डेलिगेटांचा आकडा गाठला. आईचं विमान ७ जूनचं. त्याच दिवशी दुपारी हिलरीने प्रचार थांबवल्याचं जाहीर केलं होतं आणि नेवार्क विमानतळावर संध्याकाळी टीव्हीवर तेच पुन्हा पुन्हा चालू होतं: बायकांना अडवणाऱ्या सर्वांत उंच, सर्वांत कठीण त्या काचेच्या छताला एक कोटी ऐंशी लाख तडे गेलेत, वगैरे. बायको डोळे पुसत होती. सासू चालली म्हणून की हिलरी चालली म्हणून, विचारायची माझी छाती झाली नाही. आईने तिच्या पाठीवर हात फिरवला. कित्येक महिने दाबून ठेवलेला प्रश्न मी तेव्हा विचारला. “आई, आता तरी सांग. तुझं मत असतं तर तू कुणाला दिलं असतंस?”

“मतदान गुप्त असतं,” आई म्हणाली. “पाच ड्यूट्या केल्यात मी.” आणि सुरक्षा तपासणीच्या रांगेत शिरली.

मशीनपाशी पोचल्यावर तिने वळून हात केला. डाव्या हाताच्या तर्जनीवर, बरोबर शाईच्या जागी, तो गोल स्टिकर होता. ड्रॉवरमधून पासपोर्ट तिनेच काढला होता, हे मला आत्ता आठवलं. दोन पावलांवर गणवेशातला अधिकारी उभा. “काढ!” मी दोन्ही हातांनी खुणा करत ओरडलो. “आई, काढ ते!”

तिने समजल्यासारखी मान हलवली आणि स्वेटर काढून ट्रेमध्ये ठेवला.