आमच्या नळाला वास कुठून आला

परवा आमच्या घरचा टुल्लू पंप, म्हणजे नळाचं पाणी ओढणारी छोटी मोटार, भंगारवाल्याला दिला. २०१९ पासून तो नळाच्या लाइनीला थेट लावलेला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं मी स्वतःला धरून लिहिते आहे.

२०१९ चा जुलै नागपूरकरांना आठवत असेल. पाऊस लांबला, शहराला पाणी देणारं पेंच नदीवरचं तोतलाडोह धरण तळाला गेलं आणि शहरात दिवसाआड पाणी सुरू झालं. वर छिंदवाड्याकडे चौराईचं धरण झाल्यापासून पेंचमध्ये येणारं पाणी कमी झालंच होतं. त्या महिन्यात गल्लीत एकाने टुल्लू आणला. त्याच्याकडे जोरात धार, आणि शेजारच्याचा नळ नुसता फुसफुसायला लागला. मग शेजारच्याने आणला. आठ दिवसांत आम्हीही आणला. पुढे पाऊस आला, धरण भरलं, पाणी रोज यायला लागलं. पंप मात्र कोणीच काढले नाहीत.

या मे महिन्यात नळाच्या पहिल्या पाण्याला गडरसारखा, म्हणजे गटारासारखा, वास यायला लागला. दहाएक मिनिटं गढूळ यायचं, मग स्वच्छ. आम्ही सगळ्याजणी पहिलं पाणी मोरीत सोडायचो आणि नंतर गुंड-गंज भरून घ्यायचो. डोळ्यांना स्वच्छ दिसलं म्हणजे झालं, असा आमचा समज. पंधरा दिवसांत गल्लीतल्या दोन लेकरांना कावीळ झाली. त्यातला एक माझा भाचा. महिनाभर पोरगं नुसतं भिंतीकडे तोंड करून पडून होतं, खाणं समोर आणलं की मळमळ. ते पाहिल्यापासून मला हा विषय सोडवत नाही.

तक्रार केल्यावर पाणीपुरवठ्याची माणसं आली, त्यांनी ओटी टेस्ट केली. पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. गल्लीच्या तोंडाशी पिवळं झालं. आमच्या नळाचं झालंच नाही. म्हणजे चांगलं पाणी गल्लीपर्यंत येत होतं आणि शेवटच्या पन्नास पावलांत त्यात घाण मिसळत होती, क्लोरीन तिथेच खर्ची पडत होता. खोदून पाहिलं तर दोन घरांचे जुने लोखंडी पाइप थेट गडरच्या नालीतून गेलेले, गंजून त्यांची चाळणी झालेली.

फुटक्या पाइपातून पाणी बाहेर जाईल, पण घाण आत कशी शिरते, असं मी विचारलं. लाइनमन म्हणाला, "ताई, तुम्ही पाणी नाही, नाली ओढून राहिल्या न!" लाइनीत दाब असतो तोवर फुटक्या पाइपातून पाणी बाहेर झिरपतं. पाणी वाया जातं, पण घाण आत शिरत नाही. दहा घरांचे टुल्लू एकाच वेळी ओढायला लागले की दाब उरत नाही आणि तोच पाइप उलटा नालीतलं पाणी आत खेचतो. नळ जाऊन लाइन रिकामी पडते तेव्हाही हेच होतं. म्हणून तर पाणी चोवीस तास दाबाखाली ठेवायला सांगतात. मला आजवर वाटायचं की ती नुसती सोयीची गोष्ट आहे.

पाणी वर चढत नाही ही अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. त्याला उपाय आहे. अंगणात जमिनीत एक टाकं बांधायचं, त्याला फ्लोट लावायचा, म्हणजे टाकं भरलं की पाणी आपोआप बंद होतं. नळाचं पाणी आपल्या चालीने त्यात पडू द्यायचं आणि मोटार लावायची ती टाक्यावर, लाइनीवर नाही. आम्ही तेच केलं. सोबत मीटरपर्यंतचा लोखंडी पाइप काढून निळा प्लास्टिकचा टाकला, नालीपासून लांबून. खर्च आला. पण काविळीच्या औषधपाण्यात आणि बुडालेल्या शाळेत गेलं त्याहून कमीच.

काविळीनंतर गल्लीत पाच घरांनी आरओ मशीन घेतली. भीतीपोटी घेतली, त्यांना दोष देत नाही. पण आमच्या नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजला तर १९० निघाला. ५०० पर्यंतचं पाणी क्षारांच्या हिशेबाने चांगलं धरतात, आणि त्याखाली आरओ नको असं हरित लवादानेही २०१९ मध्येच म्हटलं होतं. घरचं मशीन एक लिटर देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतं. आमची भीती जंतूंची आहे, त्याला उकळणं पुरतं, नाहीतर यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारं मशीन. बोअरच्या जड पाण्याची गोष्ट वेगळी, तिथे आरओ लागतोच. ज्यांनी घेतलंच आहे त्यांनी ते टाकाऊ पाणी बादलीत धरून फरशी पुसायला वापरावं. कूलरमध्ये नको, जाळीवर पांढरा थर धरतो.

कूलरवरून आठवलं. मे महिन्यात मोठा कूलर दिवसरात्र चालला तर शंभरेक लिटर सहज पितो, आणि आपण त्याला पेंचचं शुद्ध केलेलं पाणी पाजतो. गल्लीच्या टोकाची विहीर निर्माल्य आणि प्लास्टिकने भरली होती. ती उपसून घेतली. आता कूलर, सडा, गाड्या सगळं तिच्यावर. (दर आठवड्याला कूलर कोरडा करून घासायचा, नाहीतर डेंग्यूचे डास.)

आता मोरीतून जातं त्याचं. माझी मावशी भंडाऱ्याला असते. आपली नाग नदी, जिच्यावरून या शहराचं नाव पडलं, तिला आपण सरळ नाला म्हणतो. ती पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाचं पाणी तुंबून मागे भंडाऱ्यापर्यंत पोचतं आणि आपली घाण त्यात असते. भंडारा तेच वैनगंगेचं पाणी पितो. नागपुरातल्या भांडेवाडीच्या केंद्रात सांडपाणी शुद्ध होऊन कोराडीच्या वीज केंद्राला जातं, हे फार चांगलं काम आहे, पण शहराची सगळी घाण तिथवर पोचत नाही. मावशीने फोनवर विचारलं, "तुमच्याकडून काय काय सोडता गं?" मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हापासून सावजी मटणाच्या तर्रीचं गंज आधी जुन्या पेपरने पुसते, मग घासते. ते तेल गडर लाइनीत थिजलं की लाइन तुंबते आणि सगळं रस्त्यावर येतं, तिथून नालीत, नालीतून नदीत. संडासात फिनाइल, अ‍ॅसिड ओतणंही बंद केलं.

गल्लीतले अकरा टुल्लू निघाले. कोपऱ्यावरच्या काकूंचा अजून आहे. त्या एकट्या राहतात, वरच्या मजल्यावर, टाकं बांधायला पैसे नाहीत. आम्ही वर्गणी काढतो आहोत. रविवारी मिस्त्री येणार आहे. दक्षिण नागपुरात कोणाकडे बांधकामाच्या विटा उरल्या असतील तर कळवा, मी रिक्षा घेऊन येते.