हेडली ‘अमेरिकेने पेरलेला हेर’ होता, या दाव्याचा प्रतिवाद

दर वर्षी २६ नोव्हेंबर जवळ आला की एक लांबलचक मजकूर मोबाइलवर फिरू लागतो, आणि एप्रिल २०२५ मध्ये हेडलीचा मित्र आणि या प्रकरणातील आरोपी तहव्वूर राणा याला अमेरिकेतून दिल्लीत आणल्यापासून तर त्याला नव्याने ऊत आला आहे. त्याचा आशय थोडक्यात असा: २६/११ च्या हल्ल्यासाठी मुंबईतील जागांची पाहणी करणारा डेव्हिड कोलमन हेडली हा लष्कर-ए-तय्यबा या पाकिस्तानी दहशतवादी संघटनेचा हस्तक नव्हताच, तो सीआयएने त्या संघटनेत घुसवलेला हेर होता, मुंबईवरील हल्ल्याची तारीख आणि ठिकाणे अमेरिकेला ठाऊक असूनही तिने तोंडातून ब्र काढला नाही, त्याची अटक हा केवळ देखावा होता, आणि शेवटी करार करून त्याला सोडून देण्यात आले, भारतीय अधिकाऱ्यांना त्याच्या जवळही फिरकू दिले नाही. या मजकुरात खऱ्याचा अंश आहे, म्हणूनच तो सहज खपतो. हा अंश कुठे संपतो आणि बनाव कुठे सुरू होतो, एवढेच येथे पाहायचे आहे.

आधी हेरगिरीचा मुद्दा घेऊ. हेडलीचे मूळ नाव दाऊद गिलानी. वडील पाकिस्तानी, आई अमेरिकन. जन्म १९६० मध्ये वॉशिंग्टनला, शिक्षण हसन अब्दालच्या कॅडेट कॉलेजात, जिथे त्याची राणाशी मैत्री जमली. १९८८ मध्ये तो फ्रँकफर्टला हेरॉइनसह पकडला गेला आणि १९९७ मध्ये पुन्हा त्याच धंद्यापायी अटकेत आला. दोन्ही वेळा त्याने साथीदारांची माहिती देऊन शिक्षा कमी करून घेतली आणि पुढे अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेचा, म्हणजे डीईएचा, खबऱ्या म्हणून काम केले. हे कोणी नाकारत नाही. वाद आहे तो हे नाते कधी तुटले याविषयी: डीईएच्या म्हणण्यानुसार ते २००२ च्या सुरुवातीला संपले, तर अन्य काही अमेरिकी अधिकाऱ्यांनी पत्रकारांना २००५ हे साल सांगितले. लष्करच्या छावण्यांत त्याने २००२ ते २००५ या काळातच पाच वेळा प्रशिक्षण घेतले असल्यामुळे हा फरक क्षुल्लक नाही आणि त्याबद्दल अमेरिकेला जाब विचारणे रास्तच आहे. परंतु अमली पदार्थांच्या टोळ्यांची खबर देणारा माणूस आणि दहशतवादी संघटनेत पद्धतशीर पेरलेला हेर या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्या गोष्टीचा पुरावा राणावर शिकागोत चाललेल्या खटल्यात कोणी पुढे आणला नाही. राणाच्या वकिलांनी हेडली हा सराईत खोटारडा आहे हे ज्युरीपुढे ठासून मांडले होते. तो सीआयएच्या पगारावर असल्याचे दाखवता आले असते, तर ती संधी त्यांनी हातची घालवली असती, हे पटण्यासारखे नाही.

अमेरिकेला सारे ठाऊक होते, हा दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. न्यूयॉर्कमधील पत्नीने २००५ मध्ये मारहाणीच्या तक्रारीच्या वेळी त्याच्या लष्करमधील प्रशिक्षणाची माहिती तपास अधिकाऱ्यांना दिली होती. पुढे त्याच्या मोरोक्कन पत्नीने इस्लामाबादच्या अमेरिकी दूतावासात जाऊन तो दहशतवाद्यांत वावरत असल्याचे सांगितले, तेही हल्ल्याच्या काही महिने आधी. या तक्रारी नवरा-बायकोच्या भांडणाच्या सदरात टाकून दिल्या गेल्या. ही हलगर्जी अक्षम्य आहे, असे माझे मत आहे. पण दुर्लक्ष झाले म्हणजे सर्व आधीच माहीत होते, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. तारखेचेच पाहा. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या न्यायालयापुढे दिलेल्या साक्षीत हेडलीने सांगितले की, नोव्हेंबरपूर्वी दोन प्रयत्न फसले होते, एक सप्टेंबरमध्ये बोट खडकावर आदळल्यामुळे आणि दुसरा ऑक्टोबरमध्ये. जी तारीख खुद्द कट रचणाऱ्यांच्या हातातून दोनदा निसटली, ती वॉशिंग्टनला पक्की ठाऊक होती, असे समजायचे काय?

शिवाय अमेरिका गप्प बसली हेही खरे नाही. मुंबईतील हॉटेलांवर हल्ल्याचा बेत असल्याचे इशारे तिने २००८ मध्ये भारताला दिले होते. ताजला आधी इशारा मिळाला होता आणि काही उपायही योजले होते, हे रतन टाटांनी हल्ल्यानंतर स्वतः सांगितले. हे इशारे मोघम होते आणि त्यांत हेडलीचे नाव नव्हते, ही तक्रार मात्र योग्य आहे. याच हेडलीला भारताचा व्हिसा मिळाला तो खोट्या माहितीच्या अर्जावर, आणि ताडदेवच्या एसी मार्केटमध्ये इमिग्रेशन सल्ल्याच्या नावाने कार्यालय थाटून, हाती जीपीएस घेऊन बोटीतून उतरण्याच्या जागा टिपेपर्यंत त्याच्यावर आपल्याकडेही कोणाची नजर गेली नाही, ही गोष्ट मजकूर लिहिणाऱ्याने सोयीस्करपणे गाळली आहे.

अटकेचा देखावा म्हणणाऱ्यांनी घटनाक्रम एकदा वाचावा. २६/११ नंतर हेडली स्वस्थ बसला नव्हता. जानेवारी २००९ मध्ये त्याने जाहिरात देण्याच्या बहाण्याने पैगंबरांची व्यंगचित्रे छापणाऱ्या डेन्मार्कच्या ‘युलँड्स-पोस्टेन’ या वृत्तपत्राच्या कोपनहेगन आणि आरहूस येथील कचेऱ्यांची पाहणी केली; मार्चमध्ये तो पुन्हा भारतात येऊन टेहळणी करून गेला. या वृत्तपत्रावरील हल्ल्याच्या, म्हणजे डेन्मार्कच्या, कटासाठी तो त्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील डर्बी येथे अल-कायदाशी जोडलेला पाकिस्तानी दहशतवादी इलियास काश्मिरी याच्या माणसांना भेटला, आणि नेमका तिथेच फसला, कारण ती माणसे ब्रिटिश गुप्तचरांच्या पाळतीवर होती. ब्रिटिशांकडून माहिती मिळाल्यावर एफबीआयने त्याच्यावर पाळत ठेवली आणि ३ ऑक्टोबर २००९ रोजी शिकागोच्या ओहेअर विमानतळावर, पाकिस्तानला जाण्याच्या तयारीत असताना, त्याला पकडले. त्याच्याजवळच्या मेमरी स्टिकवर कोपनहेगनमधील जागांच्या दहाएक छोट्या चित्रफिती होत्या. त्याच्यावरील पहिले आरोप डेन्मार्कच्या कटाचे होते. मुंबईचे आरोप ७ डिसेंबरला जोडले गेले, तेही बव्हंशी त्याने कोठडीत स्वतःच तोंड उघडल्यामुळे. भारतापासून लपवण्यासाठी अटक घडवून आणली म्हणावे, तर त्या वेळी भारतीय तपासात त्याचे नावही आलेले नव्हते. ज्याचा शोधच कोणी घेत नव्हते, त्याला लपवण्याची गरज काय?

त्याला सोडून दिल्याची गोष्ट तर सरळसरळ खोटी आहे. मार्च २०१० मध्ये त्याने १२ आरोप कबूल केले, ज्यांत मुंबईत मारल्या गेलेल्या ६ अमेरिकी नागरिकांच्या हत्येला साह्य केल्याचे सहा आरोप होते. त्या बदल्यात फाशी टळली आणि या गुन्ह्यांसाठी भारत, पाकिस्तान किंवा डेन्मार्क यांच्या स्वाधीन न करण्याची हमी मिळाली. जानेवारी २०१३ मध्ये न्यायाधीश हॅरी लाइनेनवेबर यांनी त्याला ३५ वर्षांची शिक्षा सुनावली. अमेरिकेच्या केंद्रीय तुरुंगात पॅरोल नसतो. चांगल्या वर्तनाची सूट धरूनही तो बाहेर पडेल तेव्हा ऐंशीच्या घरात असेल. १६६ जणांच्या मृत्यूपुढे ही शिक्षा तोकडी वाटणे स्वाभाविक आहे, आणि मलाही ती तशीच वाटते, पण तोकडी शिक्षा म्हणजे सुटका नव्हे. राणा आला मग हेडली का येत नाही, याचे उत्तरही याच करारात आहे: राणाने गुन्हा कबूल केला नाही, म्हणून त्याला अशी हमी मिळालीच नव्हती.

भारतीय अधिकाऱ्यांना त्याला भेटू दिले नाही, हे तर वर्तमानपत्रे चाळली तरी खोटे ठरते. भारताच्या राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या, म्हणजे एनआयएच्या, पथकाने जून २०१० मध्ये शिकागोत त्याची सुमारे ३४ तास चौकशी केली. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्याला माफीचा साक्षीदार केले आणि दोन महिन्यांनी विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी व्हिडिओद्वारे त्याची साक्ष नोंदवून घेतली. पाहणीसाठी २५,००० डॉलर देणारा आयएसआयचा मेजर इक्बाल आणि सूचना देणारा लष्करचा साजिद मीर ही नावे त्याच्या जबान्यांतून पुढे आली.

फिरत्या मजकुरात ही दोन्ही नावे एकदाही येत नाहीत. मेजर इक्बालवर शिकागोच्या न्यायालयात २०११ मध्ये आरोप ठेवले गेले. तो आजवर कोणत्याही न्यायालयापुढे उभा राहिलेला नाही. साजिद मीर मेला आहे असे पाकिस्तान सांगत होता. २०२२ मध्ये तिथल्याच न्यायालयाने त्याला दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल १५ वर्षांची शिक्षा दिली, मुंबईच्या हल्ल्याबद्दल नव्हे.