पाहुण्यांसाठी माहिती, पाने अकरा

परवापासून माझ्या पाठीत उसण भरली आहे. लग्नाला जाऊन उसण कशी भरते, असं जो तो विचारतो. खुर्च्या उचलून भरते. माझ्या वाट्याला चाळीसेक आल्या असतील, त्यातली एक भरलेली होती. तिच्याविषयी पुढे सांगतो.

मावसभावाच्या मुलाचं लग्न. समुद्रकाठचं छोटंसं गाव, मोजकी माणसं, घरगुती मामला. महिनाभर आधी 'पाहुण्यांसाठी माहिती' नावाची पीडीएफ आली, पाने अकरा. फोटोंना कुठला हॅशटॅग द्यायचा, याला अर्धं पान. टाचेच्या चपला नकोत, वाळूत रुततात. सनस्क्रीन दर २ तासांनी लावा, सावलीत बसलात तरी लावा, कारण कोरडी वाळूसुद्धा अतिनील किरणांपैकी सुमारे १५ टक्के उलट फेकते. हे वाचून मी घरात एक छोटं व्याख्यानही दिलं. आणि सातव्या पानावर जाड ठशात: 'पोशाख कॅज्युअल. आपलंच घर समजा.'

मी समजलो. हाफ पँट, निळा टीशर्ट, रबरी सपाता.

तिथे पोचल्यावर कळलं की कॅज्युअल हा सगळ्यात महागडा पोशाख आहे. सगळे पुरुष फिकट लिननमध्ये. इस्त्री अशी की केलेलीच नाही असं वाटावं, आणि तसं वाटावं म्हणून मुद्दाम केलेली. बायकोने निघताना "अहो, एक बरा शर्ट घाला" असं दोनदा म्हटलं होतं. तिला मी सातवं पान दाखवलं होतं. निळा टीशर्ट तिथे आणखी आठ-दहा जणांच्या अंगात होता. ते सगळे मांडववाल्याची पोरं होते.

कानात हेडसेट घातलेली एक मुलगी धावत आली. "तू इथे काय उभा? पाणी वर यायला लागलंय, पुढच्या रांगा मागे घे!" मी नवऱ्या मुलाचा काका, हे सांगायला तोंड उघडलं, तोवर ती पसार. आणि माझा हात खुर्चीला लागलेला. हा दोष जन्माचा आहे. कुणी ठणकावून काम सांगितलं, तर आमच्या घराण्यातले लोक आधी काम करतात आणि मग आठवडाभर धुसफुसतात.

पाणी का आलं, तेही सांगतो, कारण तिथे ऐकायला कुणाला वेळ नव्हता. मुहूर्त पौर्णिमेचा धरला होता. समोर सूर्य बुडतोय, पाठीमागून चंद्र वर येतोय, फोटो झकास. पण पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते आणि समुद्राला उधाण येतं. मंडळी जागा पाहून गेली होती आठवडाभर आधी, संध्याकाळी सहालाच. तेव्हा पाणी पार लांब. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, सात दिवसांत जवळजवळ ६ तास. म्हणजे त्या दिवशी सहाला ओहोटी दिसली, तर लग्नाच्या दिवशी सहाला भरती येणारच. भरती-ओहोटीचं वर्षभराचं वेळापत्रक आधीच छापलेलं मिळतं हो! हॅशटॅगला अर्धं पान, आणि याला अर्धी ओळ नाही.

तर ती भरलेली खुर्ची. पहिल्या रांगेत एक गृहस्थ बसले होते. डोक्याला टोपी, हातात तीच पीडीएफ, पण छापून, टाचून, प्लॅस्टिकच्या पाकिटात.

"काका, जरा उठता का? खुर्ची मागे घ्यायचीय."

"किती वाजले?"

"पावणेसहा."

"मग? पान चार. 'पाच चाळीसपर्यंत आसनस्थ व्हावे.' मी पाच पस्तीसला झालो. पुन्हा उठावे असं कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही, पण पाणी येतंय."

त्यांनी पाण्याकडे न बघता पानं उलटली. "पान नऊ. पाऊस आल्यास कार्यक्रम हॉलमध्ये. पाऊस आहे का?"

"नाही."

"मग झालं तर."

"काका, समुद्र आहे."

"समुद्र पान दोनवर आहे. 'समुद्राच्या साक्षीने.' साक्षीदार आपली जागा सोडून येत नसतो."

साक्षीदार तेवढ्यात त्यांच्या बुटात शिरला. काकांनी पाय उचलून समोरच्या फुलांच्या कुंडीवर ठेवले आणि वाचन चालू ठेवलं. "तुझं नाव काय रे? तुमचा मुकादम कोण?"

शेवटी मी आणि एका खऱ्या निळ्या पोराने मिळून त्यांना खुर्चीसकट उचललं. पालखीतून निघाल्यासारखे ते वाचत वाचत निघाले. तिथेच पाठीत कळ आली. मध्येच त्यांना काहीतरी सापडलं आणि चेहरा फुलला. "हे बघ! पान सहा. 'ज्येष्ठांसाठी मदतनीस उपलब्ध.' मग मघापासून सांगायचं ना, तू मदतनीस आहेस म्हणून!"

लग्न मी सगळ्यात मागून, उभ्याने पाहिलं. वाऱ्यात माइकमधून नुसतं फर्रफर्र ऐकू येत होतं. दोन रजा, प्रवासखर्च आणि आहेर, एवढं सगळं त्या फर्रफर्रसाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बरा शर्ट घातला. मावसभावाने त्याच गृहस्थांशी ओळख करून दिली, "हा माझा भाऊ." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला, मला नीट न्याहाळलं. "काल तुमच्याच चेहऱ्याचा एक मुलगा कामाला होता. फार वाद घालतो. मी तक्रार दिली आहे त्याची. लेखी."