'दी' लावलेली आडनावं खोटी नव्हती

कॅनडातल्या फ्रेंच घराण्यांबद्दल एक मजकूर सध्या खूप फिरतो आहे. त्यातले दावे असे: वसाहतीत आलेले लोक गुन्हे करून पळालेले होते, म्हणून त्यांनी 'दी' हा फ्रेंच शब्द ('म्हणतात' या अर्थाचा) लावून खोटी आडनावं घेतली, बायकांची नावं लग्नानंतर पुसली गेली, मुलं सगळी जोझेफ आणि मुली सगळ्या मारी, तेव्हा या घराण्यांची वंशावळ लावणं अशक्य. इतक्या माणसांच्या पूर्वजांवर असा शिक्का मारलेला पाहून राग येतो, कारण उपलब्ध कागद नेमकं उलट सांगतात.

आधी 'दी'. 'रुआ दी देजार्दां' म्हणजे ज्याला देजार्दां म्हणतात तो रुआ. ज्याला ओळख लपवायची आहे तो पाद्र्यापुढे आणि नोटरीपुढे दोन्ही नावं शेजारी-शेजारी कशाला लिहून देईल? फ्रेंच सैन्यात शिपायाला टोपणनाव असण्याची रीतच होती: ला फ्लर, जोलिकर, सां-सुसी. १६६५ साली कारिन्यां-सालिएर ही फ्रेंच पलटण न्यू फ्रान्सला, म्हणजे कॅनडातल्या फ्रेंच वसाहतीत आली. तिच्या सुमारे १२०० सैनिकांपैकी ४०० च्या आसपास तिथेच राहिले आणि ही नावं त्यांच्या मुलाबाळांकडे गेली. इतरांना 'दी' मिळालं ते मूळ गावावरून, जमिनीवरून, कधी बापाच्या नावावरून. एकाच आडनावाची घरं वाढली की शाखा वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात सहकारी पतपेढी सुरू करणारे आल्फोन्स देजार्दां यांचे वडील रुआ दी देजार्दां, तर आई मिविल दी देशेन. वडिलांकडचा मूळ पुरुष याच पलटणीतला शिपाई होता. अडचण आहे ती एवढीच की एक शाखा पुढे रुआ राहते आणि दुसरी देजार्दां होते. म्हणून शोध दोन्ही नावांनी घ्यायचा.

बायकांबद्दलचा दावा तर सर्वांत चुकीचा. न्यू फ्रान्समधल्या बाईचं माहेरचं आडनाव बाप्तिस्म्यापासून दफनाच्या नोंदीपर्यंत तिच्यासोबत राहतं. लग्नाच्या नोंदीत बहुधा वधू-वर दोघांच्याही आईवडिलांची नावं असतात, आईचं माहेरच्या आडनावासह. त्यामुळे एक लग्न सापडलं की मागची पिढी दोन्ही बाजूंनी उघडते. तिथले वंशावळकार लग्नापासूनच सुरुवात करतात ते याचमुळे. १६६३ ते १६७३ या काळात फ्रान्सच्या राजाच्या खर्चाने वसाहतीत आलेल्या आठशेच्या आसपास मुलींचा माग आज नावानिशी लागतो. क्युबेकच्या कायद्यात तर १९८१ पासून लग्नानंतरही बाईचं जन्माचंच नाव चालतं. मॉन्ट्रियलमध्ये संसार थाटणाऱ्या मराठी जोडप्यालाही तोच नियम लागू आहे.

जोझेफ आणि मारी ही बाप्तिस्म्याच्या वेळी पुढे जोडलेली नावं, विशेषतः एकोणिसाव्या शतकात. हाक मारायचं नाव सहसा शेवटी येतं. खरी फसगत वेगळीच आहे: तान्हं मूल गेलं की पुढच्या बाळाला तेच नाव देत. बाप्तिस्मा सापडला म्हणून तोच आपला पूर्वज असं मानू नये, आधी दफनाची नोंद पाहावी.

कागदच नाहीत म्हणाल, तर १६४० साली क्युबेकच्या चर्चला आग लागून वह्या जळाल्या, तेव्हा लोकांच्या आठवणीवरून त्या पुन्हा लिहिल्या गेल्या. पुढे दुसरी प्रत सरकारी दप्तरात जाऊ लागली. १७६३ मध्ये वसाहत इंग्रजांकडे गेली तरी पाद्री आणि नोटरी लिहीतच राहिले. मॉन्ट्रियल विद्यापीठाने १९६६ पासून या नोंदी एकमेकींशी जोडत आणल्या आहेत.

धागा खरोखर तुटतो तो सीमेपलीकडे. १८४० ते १९३० या काळात सुमारे ९ लाख फ्रेंच कॅनेडियन अमेरिकेत गेले, बरेचसे ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडच्या गिरण्यांत. तिथे आडनावांचं इंग्रजी भाषांतर होऊन रुआचा किंग झाला, बुआव्हेरचा ग्रीनवुड. असा किंग हाती लागला तर सरकारी कागदांवर थांबू नये. त्या गिरणीगावात फ्रेंच चर्च होतं का ते पाहावं आणि तिथल्या लग्नाच्या वहीत जावं. मूळ आडनाव आणि आईचं माहेर तिथे मिळण्याची शक्यता बरीच असते.