विषाने तडकणारा पेला आणि मावशीचं कोकम सरबत

परवा मावशीने शोकेसमधले सोनेरी काठाचे, निळ्या-गुलाबी फुलांचे सहा पेले खाली काढले आणि नातवाला त्यातून कोकम सरबत दिलं. कारण? घरच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड. व्हेनिसच्या पेल्यात विष ओतलं की तो तडकतो, त्यावरचं सोनं उतरून ‘सुवर्णजल’ तयार होतं, आणि हे गुपित फुटू नये म्हणून कारागिरांना बेटावर कोंडून पळणाऱ्यांना मारत.

विषाचं आधी उरकते. अशी समजूत युरोपात होती खरी, पण काचेला विष कळत नाही. उलट सतराव्या शतकाच्या अखेरीपासून व्हेनिसचे कारागीर दुधी काचेसाठी भट्टीत चक्क सोमल, म्हणजे आर्सेनिक हे विषच, घालत. तोच सोमल पेल्यात पडला की काच म्हणे दचकते!

जुनी व्हेनिसची काच कधी आपोआप तडकते, एवढं मान्य. पंधराव्या शतकाच्या मध्याला मुरानोत, म्हणजे व्हेनिसजवळच्या त्याच कारागिरांच्या बेटावर, स्फटिकासारखी नितळ काच होऊ लागली. तिच्यासाठी वनस्पतींची राख इतकी शुद्ध करत की काचेला टिकवणारा चुनाही निघून जाई. मग दमट हवेत अशी काच घामेजते, तिच्यावर बारीक तड्यांचं जाळं येतं. त्याला विष लागत नाही.

कोंडण्याची गोष्ट अर्धीमुर्धी खरी. १२९१ मध्ये भट्ट्या मुरानोला हलवल्या त्या मुख्यतः आगीच्या भीतीने. कारागिरांनी परमुलखात जाऊ नये म्हणून कायदेही होते. पण विष ओळखण्याचं गुपितच नव्हतं, तर ते जपायचं कशाला?

आता सोनं, कारण खरा घोळ इथे आहे. सोनं पाण्यात विरघळत नाही, सरबतातही नाही. म्हणजे सुवर्णजल वगैरे काही होत नाही. उतरलंच तर दुसरं काही उतरतं. त्या फुलांवरून नख फिरवून बघा, उंचवटे लागतात. ती रंगीत काचेची पूड असते, पेल्यावर रंगवून भाजलेली. पेला वितळायच्या आत पूड वितळायला हवी, म्हणून तिच्यात शिसं घालायची जुनी रीत.

२०१७ मध्ये इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठातले अँड्र्यू टर्नर यांनी बाजारातले नवे-जुने ७२ ग्लास आणि बरण्या तपासल्या. १९७ चाचण्यांपैकी १३९ मध्ये शिसं, १३४ मध्ये कॅडमियम, दोन्ही विषारी धातू. काही नगांच्या सोनेरी नक्षीतही शिसं सापडलं, आणि काहींच्या थेट ओठ टेकतो त्या काठावर. ते पेले व्हेनिसचे नव्हते, ठीक. पण मावशीचे तरी कुठे पंधराव्या शतकातले आहेत? कोकम आंबट, आंबटाने शिसं जास्त सुटतं, आणि पिणारा पाच वर्षांचा.

‘अगं, शोभेच्या वस्तू वापरायच्या नाहीत तर ठेवायच्या कशाला,’ मावशी म्हणाली. पेले परत शोकेसमध्ये गेले. फॉरवर्ड मात्र तिने तोवर आणखी दोन ग्रुपवर टाकला होता.