बेलफास्टच्या सिटी हॉलवरील युनियन जॅकबाबत खुलासा

‘बेलफास्टच्या महापालिकेने २०१२ मध्ये ब्रिटिश ध्वजावर बंदी घातली,’ असा मजकूर सध्या फिरत असून तो चुकीचा आहे. ३ डिसेंबर २०१२ रोजी २९ विरुद्ध २१ मतांनी मंजूर झालेल्या ठरावानुसार, उत्तर आयर्लंडच्या या राजधानीत १९०६ पासून सिटी हॉलवर, म्हणजे महापालिकेच्या इमारतीवर, वर्षभर फडकणारा युनियन जॅक हा ब्रिटिश ध्वज यापुढे केवळ ठरावीक दिवशी, म्हणजे त्या वेळच्या यादीप्रमाणे वर्षातून जास्तीत जास्त १८ दिवस, उभारावा असे ठरले. ध्वज कायमचा उतरवावा ही मागणी शिन फेन आणि एसडीएलपी या आयर्लंडच्या एकीकरणाची बाजू घेणाऱ्या पक्षांची होती. दोन्ही बाजूंपासून अलिप्त असलेल्या अलायन्स पक्षाने सुचवलेल्या मधल्या मार्गामुळे ती मागे पडली. तरीही रोष ओढवला तो अलायन्सवरच आणि त्याच्या कार्यालयांवर हल्ले झाले, हे मला आजही अन्यायाचे वाटते.

मात्र हा मजकूर चुकीचा आहे म्हणून त्यामागची वेदनाही खोटी ठरवू नये. ज्या वस्त्यांत पदपथाच्या कडेचे दगडसुद्धा ब्रिटिश ध्वजाच्या लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगात रंगवलेले असतात, तिथल्या युनियनवादी, म्हणजे ब्रिटनसोबतच राहू इच्छिणाऱ्या, कुटुंबांना सिटी हॉलवरची रिकामी काठी म्हणजे आपले ब्रिटिशपण पायरीपायरीने पुसले जात असल्याची खूण वाटली, आणि निदर्शने पुढे कित्येक आठवडे चालली. खासगी घरांवर किंवा दिव्याच्या खांबांवर ध्वज लावण्याशी या ठरावाचा काहीही संबंध नव्हता.